लग्नाची यादी फ्रँकफर्टला गेली तेव्हा

निवृत्तीला चार महिने उरले असताना मी माझ्याच खात्यात माझ्याच विरुद्ध तक्रार नोंदवली. तक्रारदार विजया, जिच्याविरुद्ध तक्रार ती विजया, आणि तपास अधिकाऱ्याच्या चौकटीतही सिस्टिमने आपोआप विजयाच भरलं, कारण आमच्या मजल्यावर असल्या तक्रारींचा तपास करणारी मीच होते. ते तिसरं नाव मात्र मी खोडलं. तेवढी लाज शिल्लक होती.

मी नेमकी काय नोकरी करते, हे धायरीतल्या आमच्या सोसायटीत शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. धायरीहून दोन बस बदलून हडपसरला जायचं, तिथल्या एका आयटी पार्कात सातव्या मजल्यावर बसायचं. परदेशातल्या विमा कंपन्यांची कागदपत्रं आमच्याकडे यायची. त्यांच्या ग्राहकांची नावं, पत्ते, आजार, अपघात, सगळं. ही माहिती कुणी बघायची, किती दिवस ठेवायची, कुठल्या देशात ठेवायची आणि कधी पुसायची, यावर नजर ठेवणं हे माझं काम. पदनाम लांबलचक आणि इंग्रजी होतं. शेजारच्या काकूंना मी सोप्या भाषेत सांगितलं, "लोकांच्या भानगडी पोटात ठेवायचं काम आहे." त्या म्हणाल्या, "अगंबाई, आम्ही फुकट करतो ते."

बाहेरच्या माणसाला वाटतं, कायदा म्हणजे कायदा, सगळीकडे सारखाच. तसं नसतं. पाच घरी जा, पाच रीती. एका घरी चपला बाहेर काढायच्या, दुसरीकडे आधी कुणाकडे आलात ते सांगायचं, तिसरीकडे फाटकाच्या आत घेत नाहीत. युरोपातली सरकारं म्हणतात, माहिती ज्याची त्याची. तुम्ही नुसते सांभाळणारे, त्याने मागितली की दाखवायची, चुकली असेल तर दुरुस्त करायची, पुसा म्हणाला तर शक्य तिथे पुसायची. अमेरिकेत एकच एक कायदा नाही. आजाराचा वेगळा, लहान मुलांचा वेगळा, शिवाय राज्याराज्यांचे निराळे. चीनमध्ये आधी प्रश्न येतो, माहिती देशाबाहेर चाललीय का? चालली असेल तर परवानगी कुठाय? सिंगापूरला फार बोललेलं आवडत नाही. जबाबदार माणसाचं नाव सांगा आणि कामाला लागा. आपल्याकडे कायदा उशिरा आला, पण त्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. माणसाला द्यायची सूचना त्याला त्याच्या भाषेत मागता येते. घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या भाषा त्यात आल्या, म्हणजे मराठीही आली.

नियम सोपे वाटतात, माणसं सोपी नसतात. जर्मनीतल्या एका आजोबांनी पत्र पाठवलं होतं, "माझी सगळी माहिती ताबडतोब पुसा. माझा तुमच्यावर विश्वास नाही. फक्त वाढदिवसाचं कार्ड दरवर्षी येतं तसं येऊ द्या." माणसाला विसरायचं आणि त्याचा वाढदिवस लक्षात ठेवायचा! मी त्यांना तीन पत्रं लिहिली. चौथ्या खेपेला त्यांनी कार्डावर तडजोड केली, पण शुभेच्छांची शाई निळीच पाहिजे अशी अट घातली. ती अट नोंदवायची कुठे, यावर आमची पाऊण तास मीटिंग झाली होती.

नवीन पोरं भरती झाली की पहिल्या दिवशी मी त्यांना एकच वाक्य पाठ करायला लावायचे. "काम नसेल तर उघडू नका." समोर फाईल आहे, उघडायचा पासवर्डही तुमच्याकडे आहे, पण काम नाही, तर उघडायची नाही. माझ्या या वाक्याची मजल्यावर नक्कल व्हायची. मला ते माहीत होतं आणि त्याचा अभिमानही होता.

तर त्या वर्षी आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाचा, एका जर्मन विमा कंपनीचा, करार संपत आला होता. नवा करायचा की नाही हे ठरवण्याआधी त्यांच्या तपासनीस बाई येणार होत्या, फ्राऊ केलर, म्हणजे आपल्या भाषेत केलरबाई. पूर्वी सरकारी खात्यात हेच काम केलेल्या. त्यांनी नाक मुरडलं तर करार जाणार आणि आमचा अख्खा मजला रिकामा होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या येण्याआधी आम्ही घर झाडायला घेतलं. संग्राम आमचा सिस्टिमप्रमुख. हडपसरच्या जुन्या शेतकरी घरातला. आयटी पार्क जिथे उभा आहे तिथे त्याच्या आजोबांचा ऊस होता, असं तो प्रत्येक नव्या माणसाला लिफ्टमध्ये सांगायचा. जुन्या यंत्रांवर कुठे कुणाची खरी माहिती पडून राहिली नाही ना, हे तो शोधत होता. एका मंगळवारी सकाळी तो लॅपटॉप उघडाच घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, एक इचित्र सापडलंय. टेस्टिंगच्या डब्यात साडेसहाशे माणसं हायेत. नाव, गाव, फोन, समदं खरं वाटतंय. पर ही आपली जर्मन मंडळी न्हाईत. पत्ते वर्ध्याचे, आर्वीचे, पुलगावचे."

मी पडद्याकडे पाहिलं. पहिल्याच ओळीत नलूआत्याचं नाव होतं. माझी सख्खी आत्या, वडिलांची धाकटी बहीण, आर्वीची. मी लॅपटॉपचं झाकण लावलं.

ती माझ्या मुलीच्या लग्नाची यादी होती.

आता ही यादी तिथे कशी गेली, तर माझ्या कर्तबगारीमुळे. नऊ वर्षांपूर्वी या ग्राहकाचं काम नवीन सुरू झालं, तेव्हा सॉफ्टवेअर तपासायला नावं-पत्ते लागत होते. पोरं 'अबक' आणि 'टेस्ट टेस्ट' अशी नावं भरायची आणि सॉफ्टवेअरच्या चुका सापडायच्या नाहीत. नियम कडक होता, ग्राहकांची खरी माहिती तपासणीसाठी वापरायची नाही. मी तो नियम इतका काटेकोर पाळला, की ग्राहकांची नाही, नातेवाइकांची वापरली. मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. यादी तयार होती, एका पेन ड्राइव्हमध्ये, झकास रकाने पाडलेली. मी ती मोठ्या ऐटीत टीमला दिली. परक्यांच्या माहितीला हात लावायचा नाही, आपली माणसं तर आपलीच आहेत, त्यांना काय विचारायचं? असं वाटण्याइतकी मी तेव्हा शहाणी होते. आपली माणसं म्हटलं की परवानगी घेतलेलीच असते, हा आपल्याकडचा जुना समज. काम झाल्यावर यादी पुसायची हेही विसरले.

आणि यादी काय नुसती नावांची नव्हती. माझे यजमान प्रभाकर शाळेत गणित शिकवायचे आणि त्यांना रकान्यांचं वेड होतं. नाव, गाव, फोन, माणसे, बोलावणे कसे आणि शेवटी शेरा. मी नावं सांगायची, ते टाइप करायचे आणि शेऱ्याचा रकाना मन लावून भरायचे. 'पत्रिका हाती द्यावी, टपालाने गेल्यास अपमान.' 'येणार नाहीत, तरी तीनदा बोलवा.' 'यांच्यासमोर वाटणीचा विषय नको.' काही शेरे ते मला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मी हसून हसून नावं विसरायचे. चार वर्षांपूर्वी प्रभाकर गेले. घरचा कॉम्प्युटर त्याआधीच बिघडून भंगारात गेला होता, पेन ड्राइव्ह तर कधीच हरवला होता. त्यांच्या हातची ही यादी जगात आता फक्त ऑफिसातच होती, जिथे ती असायला नको होती.

"कुठंकुठं गेलीय?" मी संग्रामला विचारलं.

त्याने मान खाजवली. "हितं हाय. फ्रँकफर्टला कॉपी हाय. तिथनं बॅकअप शिंगापूरला. आन् मागल्या साली ब्राझीलचं काम सुरू केलं न्हवं, तेव्हा टेस्टिंगचा आख्खा डबा तिकडं पाठवला."

नलूआत्याने उभ्या आयुष्यात पुण्याच्या पलीकडचा स्टँड बघितला नव्हता. तिचा फोन नंबर तीन परदेश फिरून आला होता.

"मॅडम, दोन मिनिटांचं काम हाय," संग्राम हळूच म्हणाला. "चारी ठिकाणचं डिलीट मारतो. कुणाला कळतंय?"

आमचे परांजपे साहेब मजल्याचे प्रमुख. त्यांना सांगितलं तर त्यांनीही तेच सुचवलं, फक्त सभ्य भाषेत. "विजयाताई, तुमची निवृत्ती तोंडावर आहे. आपण उगाच कशाला? नातेवाईक काही कोर्टात जाणार नाहीत. स्वच्छता मोहिमेत अनेक जुन्या फाइली गेल्या, त्यात हीही गेली." मी म्हटलं, विचार करून सांगते. जेवणाचा डबा न उघडताच परत बॅगेत ठेवला.

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. भीती वाटत होती ती नोकरीची नव्हती, ती तर संपतच होती. मजल्यावरच्या एकशे ऐंशी माणसांच्या पोटावर माझ्या लग्नघरच्या यादीमुळे पाय यावा, ही कल्पना सहन होत नव्हती. आणि ज्या पोरांनी माझ्या वाक्याची नक्कल केली त्यांच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. पण दुपारी एक नवीन मुलगी आली. तिच्या हातून चुकीच्या पत्त्यावर एक ईमेल गेली होती, त्यात एकाच माणसाची माहिती होती, आणि ती रडवेली होऊन मला सांगायला आली होती. "मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, चूक कळली की त्याच क्षणी सांगायचं." मी तिचा फॉर्म भरून घेतला, तिला पाणी दिलं. ती गेल्यावर दुसरा कोरा फॉर्म घेतला आणि माझा भरला.

करारात लिहिलं होतं, चूक कळल्यापासून चोवीस तासांत ग्राहकाला कळवायचं. पुढे त्यांना तिथल्या सरकारी कचेरीला कळवायला बहात्तर तास. मी पाच तासांत कळवलं. यादीत माझेच लोक, म्हणून तपासातून मी बाजूला झाले आणि तो संग्रामकडे दिला. त्या क्षणापासून यादी उघडायचा मला अधिकार राहिला नाही. पहिल्या ओळीपलीकडे मी ती वाचलीही नव्हती. काम नव्हतं.

पुढचे दोन आठवडे मी माझ्याच नातेवाइकांच्या निमित्ताने जगातल्या सरकारांचा स्वभाव नव्याने शिकले. मला वाटलं होतं, जर्मन म्हणतील, ही तुमची भारतातली माणसं, आम्हाला काय त्याचं? मुळीच नाही. त्यांचा कायदा माणूस कुठला ते विचारत नाही, काम कुणाच्या दारात चाललं ते विचारतो. आर्वीच्या नलूआत्याला फ्रँकफर्टमध्ये तोच हक्क, जो तिथल्या आजोबांना. हे वाचून मला भरून आलं होतं. सिंगापूरहून चार ओळींचं उत्तर आलं. पाचशेच्या वर माणसं असतील तर प्रकरण मोठं धरलं जातं, जबाबदार कोण, दुरुस्ती कधी? ब्राझीलच्या बाईंनी फोनच केला. कायदा युरोपसारखाच, पण आधी वीस मिनिटं त्यांनी लग्न कसं झालं ते विचारलं. "साडेसहाशे? एवढेच?" म्हणाल्या. त्यांच्याकडे त्याहून जास्त येतात म्हणे.

आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. हीच यादी घरातल्या कपाटात असती तर कुठल्याच सरकारला तिच्याशी देणंघेणं नव्हतं. घरच्या कामासाठी घरच्यांनी केलेली यादी, विषय संपला. पण लग्नाला बोलवायला घेतलेला फोन नंबर ऑफिसच्या कामाला लावला, तिथे गुन्हा. ज्या कामासाठी घेतलं त्याच कामासाठी वापरायचं. इतकी वर्षं मी पोरांना हे शिकवत होते आणि मला ते खऱ्या अर्थाने त्या आठवड्यात समजलं.

साडेसहाशे माणसांना कळवायचं ठरलं. वकिलांकडून मराठी सूचनेचा मसुदा आला. 'आपल्या वैयक्तिक विदेच्या अनधिकृत प्रक्रियाकरणासंबंधी अधिसूचना' अशी सुरुवात होती. मी म्हटलं, हे आर्वीत पोचलं तर लोकांना वाटेल जमीन धरणात गेली. मी नवा लिहिला. 'तुमचं नाव, गाव आणि फोन नंबर आमच्या मुलीच्या लग्नाच्या यादीत होता. तुमच्या नावापुढे आम्ही शेराही लिहिला होता. ती यादी मी तुम्हाला न विचारता ऑफिसच्या कामाला वापरली. ती चार देशांत गेली. पैशांची किंवा बँकेची माहिती त्यात नव्हती. चूक माझी आहे. यादी आम्ही पुसणार आहोत. त्याआधी तुमच्याबद्दल काय लिहिलं होतं ते बघायचं असेल तर मागा, महिन्याच्या आत मिळेल. चुकीचं असेल तर दुरुस्त करून मागा.' वकील म्हणाले, यात कायद्याची भाषाच नाही. मी म्हटलं, कायदा सगळा आहे, भाषा फक्त माणसांची आहे. शेवटी त्यांनी एक स्वल्पविराम बदलून सही केली.

सूचना गेल्या आणि फोन सुरू झाले. पुलगावचे एक काका म्हणाले, "जर्मनीत नाव आहे तर राहू दे ना, कशाला काढतेस?" काहींना वाटलं मुलीचं दुसरं लग्न आहे. तिसऱ्या दिवशी नलूआत्याचा फोन आला.

"काहून वं विजू, मी मेली का? माह्यं नाव काहून खोडून राहिली?"

"खोडत नाही गं आत्या, ऑफिसातून काढतेय."

"थे काढ. पण जवायानं माह्या नावापुढं काय लिहिलं होतं, थे दाखव मले. तुह्याच कागदात लिहिलं हाय, मागा म्हणून. मी मागून राहिली."

 तो शेरा प्रभाकरांनी मला वाचून दाखवला होता. नलूआत्याला मंगलाष्टकं म्हणायची हौस. स्वतः रचायची, सतरा कडवी. आवाज असा, की मांडवाबाहेरचे बैल दचकायचे. शेरा होता, 'मंगलाष्टकाचा आग्रह धरतील. माइक बिघडला असे सांगणे.' आणि लग्नात खरोखर तसंच सांगितलं होतं. आत्या बिनमाइकची गायली होती. आणि गेली नऊ वर्षं आर्वीत ती प्रत्येकाला सांगत होती, की पुण्याचे माइक काही कामाचे नसतात.

परांजपे साहेब म्हणाले, "नाव-पत्ता पाठवा. शेरा म्हणजे आपलं मत, ती काही त्यांची माहिती नव्हे." पण तसं नसतं. माणसाबद्दल लिहून ठेवलेलं मत हीसुद्धा त्या माणसाचीच माहिती. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहायचे. नव्वदीला टेकलेली माझी एकुलती एक आत्या, वडिलांमागे उरलेलं माहेर. तो कागद पाठवला तर माहेर तुटणार, शेरा गाळला तर आयुष्यभर जे शिकवलं ते खोटं पडणार. मी संग्रामला म्हटलं, "जसंच्या तसं पाठव." त्याने पाठवलं. त्यानंतर नऊ दिवस आत्याचा फोन नाही. मी केला तर उचलला नाही.

त्या नऊ दिवसांतच फ्राऊ केलर आल्या. उंच, पांढरे केस, पेन्सिलीने लिहायची सवय, चहाऐवजी गरम पाणी. दोन दिवस त्यांनी कपाटं, पासवर्ड, दारांची कुलुपं सगळं पाहिलं. तिसऱ्या दिवशी मला समोर बसवलं.

"तुम्ही हे पुसू शकला असता," त्या म्हणाल्या.

"हो. दोन मिनिटांचं काम होतं."

"मग?"

"मग नव्या पोरांना काय शिकवलं असतं?"

त्यांनी काहीतरी लिहिलं. मग एखाद्या अर्जदाराशी बोलायचं आहे म्हणाल्या, कागदावर सगळं छानच दिसतं. आणि यादीतलं पहिलं नाव त्यांनी स्वतः निवडलं. संग्रामने माझ्याकडे पाहिलं. मी देवाचं नाव घेतलं आणि त्याला म्हटलं, लाव फोन. स्पीकर सुरू केला, दुभाषी म्हणून परांजपे साहेब बसले. मला तोंड उघडायची परवानगी नव्हती.

त्या दिवशी फोन उचलला गेला. साहेबांनी विचारलं, तुम्हाला तुमची नोंद मिळाली का, पूर्ण होती का, समजली का?

"समजली ना बापा," आत्या म्हणाली. "माइक बिघडला नव्हता, थे मले तवाच ठाऊक होतं. त्याचा लाल दिवा जळून राहिला होता. जवाई बापडा, त्याले वाटलं बुढीले समजत नाही. मंग म्या अजून जोरात म्हटलं. तीन गल्ल्या ऐकू गेलं, पुसा कोणालेही."

"मग तुमची काही तक्रार आहे का?"

"हाय ना. जवाई आता नाही. भांडू कोणासंग?" "पण विजूनं लपवलं नाही. लपवता आलं असतं तिले. थो कागद म्या देवाच्या फोटोखाली ठेवला. नऊ दिवस पोथी बसवली होती, फोन उचलत नव्हती, सांगा तिले. आन् साऱ्यायले सांगून दिलं, आपआपला कागद मागून घ्या, जवायाच्या हातचा हाय."

साहेबांनी त्याचं इंग्रजीत काय केलं कोण जाणे, मला नीट ऐकू येत नव्हतं, कारण मी रडत होते. फ्राऊ केलरनी पेन्सिल खाली ठेवली आणि स्वतः उठून मला त्यांचं गरम पाणी दिलं.

आत्याने खरंच साऱ्यांना सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात अर्जांचा पाऊस पडला. चारशेच्या वर माणसांनी आपापली नोंद मागितली. कायद्याप्रमाणे प्रत्येकाला महिन्याच्या आत उत्तर द्यायचं होतं. ते काम माझं नव्हतं, मला तर यादीकडे बघायचीही बंदी होती. पण मजल्यावरची सगळी पोरं जेवणाची सुट्टी निम्मी करून बसली आणि सत्तावीस दिवसांत शेवटचं उत्तर गेलं. कुणी मागितलं नाही असं एकही पान उघडलं गेलं नाही. संग्रामने मला ते अभिमानाने सांगितलं. "काम नसंल तर उघडायचं न्हाई," तो म्हणाला, अगदी माझ्या आवाजात. नक्कल चांगली करायचा.

शेरे घरोघरी पोचले. 'तीनदा बोलवा' वाल्यांनी फोन करून मान्य केलं, की चौथ्यांदा बोलवलं असतं तर आले असते. वाटणीचा विषय नको असलेल्यांनी तो विषय आपणहून काढला आणि आश्चर्य म्हणजे मिटवला. एकानेच दुरुस्ती मागितली. त्यांच्या नावापुढे 'जिलेबी आवडते' होतं, ती आता डॉक्टरांनी बंद केली आहे. संग्रामने रीतसर दुरुस्ती करून पत्र पाठवलं.

फ्राऊ केलरचा अहवाल आला. त्यात आमच्या चुकीची दीड पानं होती आणि ती दीड पानं मी इथे लपवत नाही. पण शेवटी लिहिलं होतं, की स्वतःची चूक स्वतः, वेळेत आणि सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत सांगणारी ही पहिली कचेरी त्यांनी पाहिली. करार झाला, आणि आधीच्यापेक्षा मोठा झाला. माझ्या मराठी सूचनेचा त्यांनी जर्मन अनुवाद करून घेतला आणि त्यांच्या कंपनीने आपली स्वतःची सूचना त्याप्रमाणे बदलली. परांजपे साहेबांनी पेढे वाटले आणि भाषणात म्हणाले, की पारदर्शकतेचा हा निर्णय आपण सगळ्यांनी मिळून घेतला. संग्राम माझ्याकडे बघून खोकला. मी पेढा खाल्ला, चांगला होता.

उरलं होतं पुसणं. चार देशांतल्या चार प्रती एकाच दिवशी पुसायच्या, प्रत्येक ठिकाणचं प्रमाणपत्र घ्यायचं. योगायोगाने नाही, मी मागून घेतलं म्हणून तो दिवस माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. आदल्या आठवड्यात माझ्या मनात आलं, प्रभाकरांनी शेवटी शेवटी घरच्यांचीही नावं टाकली होती. ताटांची संख्या चुकायला नको म्हणून. मग मीही इतरांसारखाच अर्ज केला. ओळखपत्राची प्रत जोडली, रांगेत थांबले. शेवटच्या दिवशी सकाळी संग्रामने बंद पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. आत एकच ओळ होती.

विजया. गाव, धायरी. माणसे, एक. बोलावणे, लागत नाही. शेरा: दोन वाजेपर्यंत उपाशीच फिरेल, कुणाच्या लक्षात येणार नाही. ताट वाढून घेऊन जाणे, समोर बसणे, उठू न देणे. जबाबदारी, मी.

लग्नाच्या दिवशी दोन वाजता ते खरंच ताट घेऊन आले होते. मी चिडले होते. अहो, तिकडे पंगत बसायचीय आणि तुम्ही इथे काय बसलात, असं चारचौघांत म्हणाले होते. ते समोर बसूनच राहिले. मला इतकी वर्षं वाटत होतं, त्यांनाच भूक लागली असेल.

संग्राम दारात उभा होता. आत काय आहे ते त्याला माहीत नव्हतं, त्याने वाचलं नव्हतं. "मॅडम, तेवढं बघून सांगा," तो म्हणाला. "नोंदीत काय चूक आसंल तर दुरुस्त करून देतो. मग समद्या पुसायला घेतो."

मी फॉर्म पुढे ओढला. दुरुस्तीच्या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं आणि सही केली.